नटावरची नारिंगी रेघ

पप्पांची फॅक्टरी बंद झाली त्यानंतर काही महिने आमच्या घरात बोलण्याचा आवाज कमी झाला आणि भांड्यांचा वाढला. आई रागावली की बोलत नसे. घासून पालथी घातलेली भांडी ती पुन्हा विसळायला काढायची. गाझियाबादचा आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, दोन खोल्या आणि एक अरुंद बाल्कनी. शेजारच्या घरांतून सकाळी पराठ्यांचा तुपकट वास यायचा आणि आमच्या घरातून लसणाच्या फोडणीचा जायचा. त्या देवाणघेवाणीवर आमची सगळी शेजारधर्माची नाती उभी होती. पप्पा साहिबाबादला पंख्यांच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते, माझ्या जन्माच्याही आधीपासून. एका सोमवारी ते नेहमीसारखे डबा घेऊन गेले आणि अकराच्या सुमाराला डब्यासकट परत आले. फाटकाला कुलूप होतं, एवढंच म्हणाले. डबा त्यांनी घरीच, बाल्कनीत बसून खाल्ला. आईच्या शाळेला सुट्टी होती; ती समोर उभी राहून बघत होती. भाजीत मीठ कमी आहे का, असं तिनं विचारलं, कारण दुसरं काय विचारावं ते तिला सुचलं नसावं.

त्याच उन्हाळ्यात मी इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत आपटले आणि ‘ड्रॉप’ घेतला. हा दिल्लीचा शब्द. एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा द्यायची, असा त्याचा अर्थ, पण ऐकताना कुणीतरी हातातून आपल्याला खाली टाकल्यासारखं वाटतं. म्हणजे बाप आणि लेक एकाच वेळी घरी बसले. आई तेवढी रोज सकाळी साडी नेसून शाळेत शिकवायला जात राहिली. आम्ही दोघं तिला दारापर्यंत सोडायला जायचो आणि दार लावून घेतल्यावर एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

अशा वेळी सेठी अंकल आले. ते पप्पांचे जुने मित्र, कारखान्याला पुठ्ठ्याचे खोके पुरवायचे. कारखान्यामागोमाग त्यांचाही धंदा बसला होता, पण त्यांचा आवाज मात्र बसलेला नव्हता. डोंगरातलं एक रिसॉर्ट बंद पडत होतं आणि तिथल्या चार एटीव्ही, म्हणजे चारचाकी मोटारसायकली, विकायला काढल्या होत्या. नोएडाच्या पुढं, यमुनेच्या खादरात, म्हणजे नदीकाठच्या पुराच्या पट्ट्यात, सेठी अंकलच्या चुलतभावाची पडीक जमीन होती. तिथं ट्रॅक करायचा, शनिवार-रविवारी लोक येतील, पैसे देऊन या जाड चाकांच्या गाड्या मातीतून पळवतील, अशी ती योजना. पप्पांनी ती जेवताना सांगितली. आईनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, “लोक पैसे देऊन धूळ खाणार?”

“दिल्लीचे लोक धूळ फुकट खातातच, शालिनी,” पप्पा म्हणाले. “इथं निदान हसत हसत खातील.”

मी हसले. आई हसली नाही. फंडातले पैसे त्यात जाणार हे तिला न सांगता कळलं होतं. पण तिचं खरं दुखणं वेगळं होतं, ते मला नंतर हळूहळू समजत गेलं. धंद्याचा मुख्य दिवस होता रविवार, आणि आमच्या घरात रविवार उपासनेचा. पप्पा-आई दोघंही नगरकडचे, ख्रिस्ती घरांतले, लहानपणापासून गाण्यात वाढलेले. गाझियाबादच्या चर्चमध्ये गायन हिंदीत असे, तरी आईचा वरचा सूर आणि पप्पांचा खालचा सूर मिळून जे काही व्हायचं ते नगरचंच असायचं. मी दोघांच्या मध्ये बसायचे आणि दोन्ही कानांत वेगवेगळं गाणं ऐकू यायचं. खादर सुरू झाल्यावर पप्पांची जागा रिकामी पडली. पहिल्या रविवारी आई एकटी सायकलरिक्षानं जाऊन आली. पप्पांनी संध्याकाळी विचारलं, “कसं झालं आज?” आई म्हणाली, “छान झालं. तुमच्या जागेवर मी पर्स ठेवली होती.” पप्पा बराच वेळ बूट पुसत राहिले.

मी पप्पांबरोबर जायला लागले ते अभ्यासाची पुस्तकं घेऊन. तिथं शांतता आहे, वाचन होईल, असं मी आईला पटवलं होतं. शांतता खरोखरच होती. पुश्त्यावरून, म्हणजे नदीच्या मातीच्या बांधावरून, खाली उतरलं की एकीकडे मोहरीची शेतं, दुसरीकडे सरकंड्यांचं, उंच बोरूसारख्या गवताचं, रान, आणि मध्ये आमचा पिवळट मातीचा पट्टा. टिटव्या ओरडायच्या. लांबवर नोएडाच्या इमारती धुक्यात अर्ध्या बुडालेल्या दिसायच्या, त्यांची फक्त डोकी वर. पत्र्याची एक शेड, तिच्यात चार गाड्या, चहाची शेगडी, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणि आमचा डबा. आईनं त्या जागेत पाऊल टाकलं नव्हतं आणि टाकणार नाही असं सांगितलं होतं, पण डबा दर रविवारी पहाटे उठून ती भरायची. नगरहून ट्रेननं आलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या, ठेचा, सुकं मटण, कधी वांग्याचं भरीत. सेठी अंकल डबा उघडायच्या आधी हात जोडायचे आणि म्हणायचे, “भाभीजी गुस्से में इतना अच्छा बनाती हैं, तो खुश होकर क्या बनाती होंगी!” पप्पा म्हणायचे, “खूश असली की खिचडी करते.”

बोल्ट तपासायचं वेड मला लागलं ते एका पडण्यामुळं. गिऱ्हाईक नव्हतं अशा एका दुपारी मी लाल गाडी घेऊन ट्रॅकवर गेले. वळणावर पाय रोवून उभी राहिले आणि डाव्या पायाखालचा पायदानाचा दांडा नुसता गळून पडला. मी मोहरीत जाऊन कोसळले. काही झालं नाही. अंगभर पिवळी फुलं आणि गुडघ्याला खरचटलं, इतकंच. पण उठल्यावर मी तो दांडा शोधून हातात घेतला तेव्हा लक्षात आलं की तो मोडलेला नव्हता. त्याचे दोन्ही बोल्ट केव्हाचे निघून कुठंतरी मातीत पडले होते. गाडी थरथरते, दिवसभर आदळते, आणि तिच्या थरथरीनं प्रत्येक नट रोज थोडा थोडा उलटा फिरत असतो. हे मला त्या दिवशी कुणी शिकवलं नाही. तो दांडा हातात होता, तेवढं पुरलं.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं, “बोल्ट लूज झाले होते.”

“सैल,” आई म्हणाली. “सैल झाले होते म्हण.” मग तिनं माझ्या गुडघ्याला हळद लावली आणि पप्पांकडे न बघता म्हणाली, “सैल गोष्टींचं असंच असतं. पडेपर्यंत दिसत नाहीत.”

तेव्हापासून गाड्या सुरू करण्याआधी मी शेडमध्ये ताडपत्री अंथरून, गुडघ्यावर बसून प्रत्येक गाडीभोवती रांगायला लागले. चाक वर आणि खाली दोन्ही हातांनी धरायचं आणि हलवून बघायचं. आतून ‘टुक’ असा आवाज आला की काहीतरी सैल आहे. हँडल दोन्हीकडे ओढून बघायचं. नटांवर छोट्या पान्यानं हलकेच टिचकी मारायची. घट्ट नट वाजतो, भांड्यासारखा, आणि सैल नटाचा आवाज मेलेला येतो. काही दिवसांत मला प्रत्येक गाडीचा आवाज ओळखता येऊ लागला. बसगाड्यांच्या चाकांच्या नटांवर रंगाची रेघ मारतात, ती सरकली की नट फिरला असं समजतात, हे सेठी अंकलनी एकदा बोलता बोलता सांगितलं. रंग आमच्याकडे नव्हता, पण पुण्याच्या मावसबहिणीनं दिलेली नारिंगी नेलपॉलिशची बाटली होती. ती माझ्या नखांवर फारच भडक दिसायची. मी सगळ्या महत्त्वाच्या नटांवर, नटावरून सुरू होऊन शेजारच्या लोखंडावर संपेल अशी, एकेक बारीक रेघ ओढली. रेघ सरळ तर नट जागेवर. रेघ तुटली तर पाना आणा. सेठी अंकल मला ‘इन्स्पेक्टर साहिबा’ म्हणायला लागले. अभ्यासाची पुस्तकं शेडच्या कोपऱ्यात धूळ खात राहिली. पण माझं डोकं त्या महिन्यांत जितकं चाललं तितकं कोचिंग क्लासात कधी चाललं नव्हतं, हे आज इतक्या वर्षांनी निर्धास्तपणे सांगता येतं.

पप्पांना माझं हे रांगणं आवडायचं आणि नडायचंही. लोक मोठ्या गाड्यांतून यायचे, उतरायच्या आधीच विचारायचे, “कितना टाइम लगेगा?” दहा मिनिटं थांबा म्हटलं की चेहरे पडायचे. पप्पा मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणायचे, “करुणा, झालं ना? चलो, बस. सकाळी बघितलंस की सगळं.” सकाळी एकदा पूर्ण तपासणी, आणि नंतर दोन फेऱ्यांमध्ये वेळ मिळाला तर, अशी आमची तडजोड झाली होती. मला प्रत्येक फेरीआधी हवी होती. पप्पांचं म्हणणं, तसं केलं तर गिऱ्हाईक शेजारच्या क्रिकेटच्या मैदानावर जाईल. नोकरी गेल्यापासून पप्पा असे झाले होते. चहासुद्धा उभ्यानं प्यायचे. थांबलं की काहीतरी मागून येऊन गाठेल, असं त्यांना वाटत असावं. मला ते तेव्हा उमगत नव्हतं. मला फक्त चिडचिड व्हायची.

नाताळच्या आधीचा रविवार होता. सकाळी इतकं धुकं की पुश्त्यावरून उतरताना सेठी अंकल गाडीच्या पुढं चालत होते आणि पप्पा त्यांच्या पाठीकडे बघून गाडी चालवत होते. धुकं विरलं आणि ऊन पडताच नोएडातल्या एका ऑफिसची माणसं आली. जॅकेटं, गॉगल, मोठमोठ्यानं हसणं. चारही गाड्या एकामागून एक फिरत राहिल्या, एक उतरला की दुसरा बसायचा. मी दोनदा पाना घेऊन उठले आणि दोनदा पप्पांनी हातानंच ‘नंतर’ अशी खूण केली. दुपारी ती माणसं खूश होऊन गेली. धूळ खाली बसली. आम्ही डबा उघडणार तेवढ्यात पुश्त्यावर एक ऑटो थांबली आणि तिच्यातून आई उतरली.

उपासना लवकर आटपली होती. धुक्यामुळं पाळकसाहेब पोचलेच नव्हते, चार गाणी म्हणून मंडळी घरी गेली होती. आई घरी गेली नाही. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मोतिया रंगाची साडी, वर तपकिरी शाल, हातात करंज्यांचा डबा. बांधावरून ती जपून, आडवं पाऊल टाकत उतरत होती. पप्पा उठून उभे राहिले. त्यांनी हात पॅंटला पुसले, मग केस नीट केले, मग पुन्हा हात पुसले.

“एवढी थंडी आणि मफलर नाही घातलात,” आई म्हणाली. त्या जागेवरचे तिचे पहिले शब्द हे.

पप्पांनी तिला सगळं दाखवलं. शेड, शेगडी, टायरांनी आखलेला ट्रॅक, मोहरी. कारखान्यात कुणी साहेब आल्यावर दाखवतात तसे ते पुढं पुढं चालत बोलत होते, आणि आई मागून शाल सावरत, “अच्छा… अच्छा” करत होती. सेठी अंकलनी तिला चहा दिला. करंज्यांचा डबा उघडला. ऊन चांगलंच आलं होतं. आणि मग पप्पा निळ्या गाडीच्या हँडलवर हात ठेवून म्हणाले, “शालिनी, बस ना एकदा. एकच फेरी. मी चालवतो. अगदी हळू.”

मला वाटलं ती उडवून लावेल. तिनं चहाचा कप खाली ठेवला, पदर खोचला, शाल माझ्या हातात दिली आणि पप्पांच्या मागं जाऊन बसली. एक हात तिनं त्यांच्या खांद्यावर ठेवला. किती महिन्यांनी मी तो हात तिथं बघत होते. पप्पांनी गाडी सुरू केली. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. फॅक्टरी बंद झाल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता.

आणि माझ्या एका हातात आईची शाल होती, दुसऱ्यात पाना.

निळी गाडी सकाळपासून सगळ्यांत जास्त पळाली होती. तिच्या नटांकडे सकाळनंतर कुणी बघितलं नव्हतं. मला ते माहीत होतं, पप्पांना माहीत होतं, आणि आईला माहीत नव्हतं. थांबवलं तर काय होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पप्पा तिच्यासमोर खोटे पडणार. आपला संशय खरा होता असं तिला वाटणार. ती उतरेल, शाल घेईल, आणि तो हात त्यांच्या खांद्यावर पुन्हा कधी येईल कुणास ठाऊक. आणि बहुतेक करून नट सगळे घट्टच असणार. म्हणजे मी उगाचच सगळं घालवणार. हे सगळं मनात यायला जितका वेळ लागला तितक्यात पप्पांनी गिअर टाकलासुद्धा.

“थांबा!” मी ओरडले. “पप्पा, थांबा!”

“काय झालं?” आई दचकली.

“काही नाही. एकदा बघते फक्त.”

“अगं, आत्ताच तर फिरून आली ना,” पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज हसरा होता, पण डोळे माझी विनवणी करत होते. “आल्यावर बघ. हळूच जाणार आहे मी.”

“पप्पा, इंजिन बंद करा.”

मी त्यांच्याशी तशा आवाजात याआधी कधीच बोलले नव्हते. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चावी फिरवली. इंजिन थांबल्यावर इतकी शांतता झाली की शेगडीवर चहाचं पातेलं खळखळत असलेलं ऐकू आलं. आई तशीच बसून होती, पदर खोचलेला. मी गुडघ्यावर बसले. मागची दोन्ही चाकं ठीक. पुढचं उजवं ठीक, रेघ सरळ. माझे कान तापले होते. आता उठून ‘सॉरी, सगळं बरोबर आहे’ म्हणायचं, एवढंच उरलं, असं वाटून मी डाव्या चाकाकडे सरकले.

हँडल वळवलं की जो दांडा चाकाला वळवतो, त्याच्या टोकाचा नट. त्यावरची नारिंगी रेघ भलतीकडेच बघत होती. नट अडवून धरणारी पिन जागेवर नव्हती. मी पाना लावलाच नाही. दोन बोटांची चिमूट लावली आणि नट फिरला. बाटलीच्या बुचासारखा, सहज. आणखी एखाद-दुसरा वेढा आणि तो मातीत पडला असता.

“पप्पा,” मी म्हणाले.

ते उतरले, वाकले. मी पुन्हा एकदा नट चिमटीनं फिरवून दाखवला. त्यांनी स्वतः बोट लावून पाहिलं. मग त्यांनी मान वर करून ट्रॅककडे बघितलं. आमचा ट्रॅक पुश्त्यावर चढायचा आणि पलीकडून नाल्याच्या काठाकाठानं खाली यायचा, आणि उतार संपता संपता डावीकडे वळण होतं. ते त्या वळणाकडे बघत राहिले. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. शेडबाहेर एक जुना टायर पडला होता, त्यावर ते जाऊन बसले.

आईही उतरली आणि साडी आवरून माझ्याजवळ वाकली. “हा कशाचा आहे?”

“हँडल वळवलं की चाक याच्यामुळं वळतं.”

“आणि हा निघाला असता तर?”

सेठी अंकल पाठ फिरवून उभे होते आणि रुमालानं चष्मा पुसत होते.

“शालिनी,” पप्पा टायरवरून म्हणाले, “मी तुला याच्यावर बसवत होतो.”

मला वाटलं, आता. आता ती बोलेल ते मला ऐकवणार नाही. नोकरी, फंड, रविवार, रिकाम्या जागेवरची पर्स, सगळं एकदम येईल. मी मान खाली घातली. आईनं विचारलं ते मलाच. “सकाळपासून याच गाडीवर लोक बसले होते?”

“हो. ऑफिसवाले. बरेच.”

“आणि सगळे नीट घरी गेले.”

“हो.”

तिनं डोळे मिटले. ओठ हलले, काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण आमच्या घरात जेवणाआधी जे म्हणतात त्याच्याच चालीत काहीतरी होतं. डोळे उघडले तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता, ताप उतरल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा. ती पप्पांजवळ गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

“भीती वाटली ना?” तिनं विचारलं.

पप्पांनी मान हलवली.

“बरं झालं. मला वाटायला लागलं होतं, तुम्हाला कशाचीच भीती वाटेनाशी झालीय. फॅक्टरी गेली तेव्हापासून नुसते पळताय. मला तुमच्या गाड्यांचं काही नव्हतं, अहो. मला त्याचं वाटत होतं.” थोडं थांबून ती म्हणाली, “आता उठा. दुसरी पिन आहे का तुमच्याकडे?”

मला आठवतं, त्या वाक्यानंतर मला रडू आलं आणि हसूही आलं. मी दोन्ही लपवायला गाडीच्या पुढच्या पत्र्याआड तोंड घातलं. पिन होती. पप्पांनी ती डब्यातून शोधून आणली. मी नट आवळला, पाना करकरला, मग पप्पांनी पिन सारून तिची टोकं पकडीनं वाकवली. पकड पिनेवरून सारखी सटकत होती. आईनं त्यांचं मनगट धरलं तेव्हा ती स्थिर झाली. मग ती म्हणाली, “आता हिचं बाकीचं सगळं, आणि उरलेल्या तिन्हींचंही. मग मी बसते.”

आणि ती बसली. खरंच बसली. पप्पांनी गाडी बैलगाडीच्या चालीनं काढली. पुश्त्यावर चढताना आईची किंकाळी ऐकू आली, पलीकडे उतरताना दुसरी, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी पाना हातात धरून श्वास रोखून उभी. मोहरीच्या कडेनं ते पुन्हा दिसले तेव्हा आई पुढं बसली होती, पप्पा मागं. हँडल तिच्या हातात होतं आणि ती गात होती. उपासनेत राहून गेलेलं एखादं गाणं असावं. पप्पा मागून खालचा सूर देत होते आणि इंजिनाच्या घरघरीत दोन्ही सूर बुडत-तरंगत येत होते. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर धूळ बसली होती. मोतिया साडीचा रंग ओळखू येत नव्हता.

पुढं ती जागा आमच्याकडे आणखी काही वर्षं होती. मग जमीन बिल्डरकडे गेली, पप्पांनी नोएडातल्या एका शाळेच्या भांडाराचं काम धरलं आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच रमले. आता तिथून जाताना मला मोहरी कुठं होती तेही सांगता येत नाही. पण त्या सगळ्या वर्षांत आमच्या ट्रॅकवर कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ते आठवलं की अजूनही खांदे सैल पडतात. मी पुढं इंजिनिअर झाले की नाही, असं लोक ही गोष्ट ऐकल्यावर विचारतात. झाले, दुसऱ्या खेपेला. पण मला सांगायची होती ती गोष्ट ही नव्हे.

त्या दुपारी आई-पप्पा उतरत होते तेवढ्यात पुश्त्यावर एक पांढरी मोठी गाडी येऊन थांबली. चार-पाच जण, कडेवर एक लहान मूल. त्यांतल्या एकानं वरूनच हाक मारली, “भाईसाहब, अभी चला सकते हैं क्या? हमें जल्दी है.”

पप्पा चार पावलं पुढं झाले. “थोडा टाइम लगेगा जी,” ते म्हणाले. “बिटिया पहले चारों गाड़ियाँ देखेगी.”

“अभी तो आप चला रहे थे!”

“जी. इसीलिए.”

त्या माणसानं हात झटकला, गाडीत बसला, आणि ते निघून गेले. धुळीचा लोट पुश्त्यावर तरंगत राहिला. मी आईकडे बघितलं. गिऱ्हाईक गेलं म्हणून तिच्या चेहऱ्यावर काय दिसतंय ते मला बघायचं होतं. ती तिथं नव्हतीच. ती माझ्या ताडपत्रीवर येऊन बसली होती, मांडी घालून, धुळीनं भरलेल्या साडीनिशी, आणि तिनं तळहात माझ्यापुढं केला होता.

“काढशील ते इथं दे,” ती म्हणाली. “मातीत ठेवू नकोस.”

मी निळ्या गाडीपासून पुन्हा सुरुवात केली. जरा शंका आली ते नट एकेक काढून पुसून तिच्या हातावर ठेवत गेले. पप्पा शेगडीवर चहा टाकत होते, आणि तो प्यायला ते खाली बसले. आई नट मुठीत धरून होती. मी परत मागितले तेव्हा ते तिच्या हाताच्या उबेनं गरम झालेले होते.